पालखीच्या वाटेवरील पाणी

आषाढ शुद्ध पक्षाचा पहिला आठवडा आला कीं माळशिरसच्या रस्त्यावर दरवर्षीं एकच दृश्य दिसतें. नातेपुत्याचा मुक्काम आटोपून, सदाशिवनगरचें रिंगण करून श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरसकडे येत असते, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरोघरचीं माणसें कळशी आणि तांब्या घेऊन उभीं असतात. "माउली, पाणी घ्या," एवढेंच काय तें बोलणें. घेणारा कोण, कोठला, हें कोणी विचारीत नाहीं. देणारा कोण, हेंहि घेणारा पाहत नाहीं. ओंजळ पुढें येते, धार पडते, आणि दिंडी पुढें सरकते.

श्रोतेहो, त्या तांब्यांतील पाण्याविषयींच आज मला बोलावयाचें आहे. देणाऱ्याच्या मनांत पुण्याची भावना असते आणि ती खरी असते; परंतु रोगजंतूंना भावना कळत नाहीं. ज्या तांब्यानें तहान भागते त्याच तांब्यानें एका गांवचा रोग दुसऱ्या गांवीं जातो, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं फार महाग किंमत देऊन अनुभवली आहे.

प्रथम या मुलखाचें पाणी कसें आहे तें पाहूं. माळशिरस तालुका पर्जन्यछायेंत येतो. सोलापूर जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें पांच ते साडेपांचशें मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतलाहि मोठा भाग भाद्रपद-आश्विनांत येतो. म्हणजे पालखी येते त्या दिवसांत आकाशांत ढग असले तरी विहिरी तळ गांठूनच असतात. भाटघरचें धरण १९२८ सालीं पुरें झालें आणि नीरेच्या उजव्या कालव्याचें पाणी या तालुक्यांत खेळूं लागलें. अकलूज, माळीनगरकडचा उत्तर भाग त्यामुळें उसानें हिरवा झाला. पिलीवच्या बाजूचा दक्षिण भाग मात्र पुष्कळसा कोरडाच राहिला. एका तालुक्यांत हीं दोन टोकें! एकीकडे उघडा कालवा, ज्यांत गुरें धुतलीं जातात, कपडे धुतले जातात आणि कोणी पितोहि. दुसरीकडे टँकरची वाट पाहणारीं पिंपें. शुद्धतेच्या दृष्टीनें दोन्ही ठिकाणीं धोका आहे. मुबलक पाण्यांत घाण मिसळते हें सर्वांस कळतें. पण थोडें पाणी साठवून, पुनः पुनः हात बुडवून, पुरवून पुरवून वापरणें हें अधिक धोक्याचें असतें, इकडे आपलें लक्ष जात नाहीं.

आतां त्या जुन्या अनुभवाकडे वळूं. १८१७ सालीं बंगालमध्यें जेसोरकडे पटकीची मोठी सांथ उठली आणि दुसऱ्याच वर्षीं ती मुंबईस येऊन थडकली. पुढें शंभर-सव्वाशें वर्षें यात्रा आणि पटकी हे दोन शब्द आपल्याकडे जोडीनें उच्चारले गेले. पंढरीस माणसें जमत. चंद्रभागेच्या वाळवंटांत स्नान, पान आणि शौच हीं सारीं एकाच पात्राच्या आश्रयानें होत. आणि परतणारा वारकरी प्रसादाच्या पुडीबरोबर न दिसणारें आणखी एक गांठोडें घेऊन गांवीं जाई. गांवांत सांथ शिरली म्हणजे मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडावयाचा, ही रीत. पुढच्या गांवचे लोक तो आणखी पुढें नेत. त्या रीतीस आपण आज हंसूं नये. रोग हवेंतून आकाशांतून कोसळत नाहीं, तो वाटेनें एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जातो, एवढें तरी त्या लोकांनीं नीट टिपलें होतें. वाट कोणती, एवढेंच त्यांना कळलें नव्हतें. ती वाट पाण्याची होती.

हें प्रथम दाखविलें लंडनच्या जॉन स्नो या डॉक्टरनें. १८५४ सालीं ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाचें पाणी पिणाऱ्या घरांतच मृत्यु कसे दाटले आहेत हें त्यानें घरोघर हिंडून नोंदविलें, आणि त्या पंपाचा दांडा काढावयास लावला. पुढें रॉबर्ट कॉख यानें १८८४ सालीं कलकत्त्यास येऊन पटकीचा स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु रोग्यांत व तेथील एका तलावाच्या पाण्यांतहि दाखविला. तरीहि शंका घेणारे पुष्कळ होते. त्यांचें तोंड बंद केलें तें १८९२ साली जर्मनींतील दोन शेजारच्या शहरांनीं, आणि ही हकीगत मी जरा विस्तारानें सांगणार आहें; कारण गाळलेल्या पाण्याचें माहात्म्य इतक्या लख्खपणें दुसऱ्या कोणत्याहि गोष्टींत दिसत नाहीं.

हांबुर्ग आणि आल्टोना हीं एल्बे नदीच्या कांठचीं, एकमेकांस अगदीं चिकटलेलीं शहरें. मध्यें भिंत नाहीं, ओढा नाहीं. कित्येक ठिकाणीं रस्त्याची ही बाजू एका शहराची, ती बाजू दुसऱ्याची. हवा तीच, जमीन तीच, माणसें त्याच जातीचीं. पाणी देखील त्याच एल्बेचें. फरक इतकाच कीं, हांबुर्ग हें श्रीमंत शहर नदीचें पाणी वरच्या अंगास घेऊन न गाळतां नळांत सोडी. आणि आल्टोना खालच्या अंगास, म्हणजे हांबुर्गची सगळी घाण नदींत मिसळल्यावर, पाणी उचली, पण तें वाळूच्या मोठ्या गाळण्यांतून गाळून घेई. १८९२च्या उन्हाळ्यांत पटकी आली. हांबुर्गमध्यें आठ हजारांहून अधिक माणसें मेलीं. आल्टोना जवळजवळ सुटलें. रोग रस्त्याच्या एका बाजूनें चालत गेला आणि दुसऱ्या बाजूस त्यानें पाऊल टाकलें नाहीं. हांबुर्गच्या हद्दींतल्या एका वस्तीला कांहीं कारणानें आल्टोनाचें पाणी मिळत असे. ती वस्तीहि वांचली! अधिक घाण पाणी घेणारें शहर जगलें आणि कमी घाण पाणी घेणारें मेलें. मध्यें काय होतें? हातभर वाळू.

ही वाळू काय करते? चाळणी जसें गव्हांतले खडे अडविते तसें वाळू जंतूंना अडविते, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी आहे. वाळूच्या दोन कणांमधील फट जंतूच्या मानानें एखाद्या वेशीएवढी असते. परंतु पाणी हळूहळू, अगदीं संथ गतीनें वाळूंतून झिरपूं दिलें म्हणजे थोड्याच दिवसांत वरच्या थरावर एक बुळबुळीत पापुद्रा धरतो. तो पापुद्रा जिवंत असतो. त्यांत असंख्य सूक्ष्म जीव राहतात, आणि ते वरून येणाऱ्या रोगजंतूंना अडवितात व खाऊन टाकतात. म्हणजे घाणेरडा दिसणारा तो शेवाळी थर हाच गाळण्याचा प्राण; तो रोज खरवडून काढणारा अतिउत्साही मनुष्य गाळणें स्वच्छ करतो आणि पाणी बिघडवितो.

नदीच्या वाळवंटांत हातानें झिरा उकरून त्यांत साचलेलें नितळ पाणी वाटीनें भरून घेण्याची आपली जुनी पद्धत या तत्त्वाच्या बरीच जवळ होती. धारेचें पाणी न पितां झिऱ्याचें प्यावें, हें नीरा-भीमेकांठच्या बायकांना कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें. आज मात्र ती पद्धत डोळे मिटून चालविण्याजोगी राहिली नाहीं. वाळूचे थर उपसले गेले आहेत, आणि वरच्या गांवांचें व शहरांचें सांडपाणी नदींत येतें. झिऱ्याला पुरेसा थर आणि पुरेसा वेळ मिळाला तरच तो झिरा. नाहीं तर तो एक खड्डा.

वाळूनंतर कापड. पाणी वस्त्रगाळ करून पिण्याचा संस्कार आपल्याकडे इतका जुना आहे कीं आपण त्याला सोवळ्यांतली गोष्ट समजून बसलों. परंतु याच कापडानें आपल्या देशांतून एक संपूर्ण रोग हांकलून दिला आहे. तो रोग म्हणजे नारू. आजच्या तरुण श्रोत्यांनीं तो पाहिला नसेल, हें त्यांचें भाग्य. पायऱ्यांच्या बारवेंत नारूचा रोगी पाण्यांत उतरे. त्याच्या पायाच्या फोडांतून जंताचीं पिलें पाण्यांत पडत. तीं पाण्यांतला 'सायक्लॉप्स' नांवाचा, डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखा दिसणारा पाण्याचा किडा गिळी. आणि तो किडा पाण्याबरोबर दुसऱ्याच्या पोटांत जाई. सुमारें वर्षभरानें दोन-तीन फूट लांबीचा, दोऱ्यासारखा जंत पायाची कातडी फोडून बाहेर येऊं लागे. तो ओढून तुटला कीं पाय सुजून पिके. म्हणून काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळीत आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहावें लागे, आणि तेंहि नेमकें पेरणी-काढणीच्या दिवसांत.

या रोगावर लस नाहीं, खात्रीचें औषध नाहीं. १९८३-८४ सालीं नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हां महाराष्ट्रहि नारूच्या राज्यांपैकीं एक होता. कार्यक्रमाचीं साधनें कोणतीं होतीं? पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसविणें, पाण्यांत औषध टाकून सायक्लॉप्स मारणें, रोग्याला पाण्यांत उतरूं न देणें, आणि घरोघर दाट कापडानें पाणी गाळणें. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्यें राजस्थानांत जोधपूर जिल्ह्यांत सांपडला. २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त असल्याचें प्रमाणपत्र दिलें. सायक्लॉप्स हा एका मिलिमीटरच्या आसपास असतो. साधें धडधाकट कापड त्याला सहज अडवितें. आजीच्या फडक्याचा हा विजय आहे, आणि तो आपण पुरेशा अभिमानानें सांगत नाहीं.

त्याच फडक्याची आणखी एक कथा. बांगलादेशांत ६५ खेड्यांमध्यें रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक प्रयोग केला. २००३ सालीं त्याचें फळ प्रसिद्ध झालें. तळ्याचें पाणी भरतांना हंड्याच्या तोंडावर जुनी सुती साडी निदान चार वेळां दुमडून धरावयाची, एवढाच प्रयोग. पटकीचें प्रमाण जवळजवळ निम्म्यानें घटलें. येथें कोणी विचारील, पटकीचा जंतु तर कापडाच्या छिद्राहून कितीतरी बारीक. मग हें घडलें कसें? उत्तर असें कीं, तो जंतु पाण्यांत एकटा हिंडत नाहीं. पुष्कळदां सायक्लॉप्सच्याच कुळांतल्या किड्यांच्या अंगाला चिकटून राहतो. घोडा अडविला म्हणजे स्वारहि अडला. आणि नव्या साडीपेक्षां जुनी साडी अधिक चांगली ठरली, कारण वापरून धुवून तिचे तंतू विस्कटतात व छिद्रें बारीक होतात.

पण निम्मा रोग टळला याचा दुसरा अर्थ निम्मा उरला, असाहि होतो. शिवाय आपल्या शहरी घरांत या फडक्याची दशा काय असते? नळाच्या तोटीला तें बांधलेलें असतें, आणि दिवाळीला बांधलेलें संक्रांतीलाहि तेंच असतें. आमच्याच घरीं मीं एकदां तें सोडून उलटें केलें तेव्हां काळपट हिरवा गाळ हातावर आला, आणि गेले कित्येक महिने आम्ही त्यांतून 'गाळलेलें' पाणी पीत होतों! गाळणें रोज धुवून उन्हांत वाळविलें, आणि वरची बाजू वरच ठेवली, तर तें गाळणें. एरवीं तें जंतूंचें वसतिगृह होय.

आतां नितळपणाविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. तुरटी फिरवावी, निवळीची बी उगाळावी, गढूळ पाणी खालीं बसून वर स्फटिकासारखें होतें आणि मन प्रसन्न होतें. हे उपाय चांगलेच आहेत, परंतु ते पहिली पायरी आहेत. १९५५च्या डिसेंबरांत दिल्लीचें उदाहरण घडलें. यमुनेचा प्रवाह सरकला आणि सांडपाणी वजिराबादच्या पाणीपुरवठ्याच्या तोंडाशीं आलें. तेथील लोकांनीं क्लोरिन वाढविला. त्याचा परिणाम असा झाला कीं विषमज्वर, आमांश हे जंतुजन्य विकार वाढले नाहींत. परंतु पुढील कांहीं आठवड्यांत सुमारें २९,००० लोकांना कावीळ झाली. ती ज्या विषाणूनें होते त्याला आज हिपॅटायटिस-ई असें नांव आहे. घाणीनें भरलेल्या पाण्यांत क्लोरिन घाणीशींच झुंजण्यांत खर्ची पडतो, आणि चिवट विषाणु निसटून जातो. गाळणें अगोदर आणि औषध नंतर, हा क्रम म्हणूनच मोडतां येत नाहीं. गढूळ पाण्यांत ब्लीचिंगची पूड दुप्पट टाकून पाणी शुद्ध होत नाहीं. तें फक्त वासाचें होतें.

खेड्यांत या पुडीला टी.सी.एल. म्हणतात. हजार लिटर पाण्याला ताजी पूड सुमारें पांच ग्रॅम, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरला पन्नास ग्रॅम, हें साधारण प्रमाण. ती थेट न टाकतां बादलींत कालवून, चुना खालीं बसूं देऊन वरचें पाणी ओतावें आणि अर्धा तास थांबावें. हा अर्धा तासच पुष्कळदां कोणी देत नाहीं. पोतें उघडें राहिलें, ओल लागली, तर पुडीचा जोर जातो आणि उरतो तो नुसता चुना. पाण्यांत औषध उतरलें कीं नाहीं हें ओ.टी. या द्रावणाच्या दोन थेंबांनीं कळतें. पाणी पिवळें झालें तर क्लोरिन शिल्लक आहे. महाराष्ट्रांत पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवें, पिवळें अथवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. आपल्या गांवाचें कार्ड कोणत्या रंगाचें आहे हें विचारण्यास शिक्षण लागत नाहीं. पण शिकलेल्या माणसानें तरी तें विचारावें.

घरापुरता खात्रीचा उपाय अजूनहि उकळणें हाच आहे. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे; अर्धा अर्धा तास रॉकेल-गॅस जाळण्याची आवश्यकता नाहीं. पांढऱ्या मातीच्या कांडीचा फिल्टर जंतु बराच अडवितो, विषाणु मात्र सर्व अडवितोच असें नाहीं. आणि कांडीला बारीक तडा गेला तर तो फिल्टर नसून नुसतें भांडें आहे असें समजावें. सध्यां ज्याचा बोलबाला आहे त्या आर.ओ. यंत्राविषयीं माझें मत सांगतों. बोअरचें पाणी अति खारट, मचूळ असेल, अथवा त्यांत फ्लोराइड वा नायट्रेट प्रमाणाबाहेर असेल, तर तें यंत्र खरोखर उपयोगी आहे. कारण असल्या विरघळलेल्या क्षारांपुढें उकळणें आणि वस्त्रगाळ करणें दोन्ही हतबल आहेत. उलट, उकळल्यानें पाणी आटून क्षार अधिकच दाट होतात. परंतु भारतीय मानकाप्रमाणें विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आंत असतील तर या यंत्राची जरूर सहसा पडत नाहीं. एक लिटर पाणी देण्यासाठीं तें साधारणपणें दोन-तीन लिटर मोरींत सोडतें. टँकरवर जगणाऱ्या मुलखांत ही चैन कोणी करीत असेल तर तें फेंकलेलें पाणी निदान फरशी-भांड्यांना तरी वापरावें. आणि त्या यंत्रांतून निघालेल्या पाण्यांत क्लोरिन शिल्लक राहत नाहीं. म्हणून तें मळक्या जारमध्यें भरलें कीं पुनः बिघडावयास वेळ लागत नाहीं. लग्नकार्यांत थंडगार जार आला म्हणजे सगळे निर्धास्त होतात. थंडपणा हा शुद्धतेचा पुरावा नव्हे.

शुद्ध पाण्यानें होतें काय? कांहीं लोक सांगतात कीं त्यानें रक्त शुद्ध होतें, सांधे सुटतात, कांति उजळते. मी तसें म्हणणार नाहीं. जें होतें तें याहून साधें आणि मोठें आहे: लहान मूल वारंवार जुलाबानें खचत नाहीं, खाल्लेलें अन्न त्याच्या अंगीं लागतें, तें वाढतें. पटकी, विषमज्वर, आमांश, कावीळ यांचें दार अर्धेंअधिक बंद होतें. आणि आजारी मुलाच्या उशाशीं बसण्यांत जे आईचे दिवस जातात ते वांचतात.

जुलाब लागलेच तर तेथेंहि शुद्ध पाणीच कामास येतें. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हें घोट घोट देत राहावें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनवीस यांनीं पटकीच्या रोग्यांना असेंच मीठ-साखरेचें पाणी पाजण्यास नातेवाइकांना लावलें, आणि शेंकडा तीसच्या आसपास असलेलें मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीन-चारांवर आलें. मात्र पेय सौम्य असावें. मीठ अधिक पडलें तर अपाय होतो. सहा महिन्यांच्या आंतील, अंगावर पिणाऱ्या मुलाला निरोगी असतांना वरचें पाणी मुळींच देऊं नये, मग तें कितीहि शुद्ध असो. त्याचें पाणी आईच्या दुधांतच असतें.

पुनः माळशिरसच्या रस्त्यावर येऊं. पालखीच्या आदल्या दिवशीं रांजण रिकामा करून घांसावा, उन्हांत पालथा घालावा. पाणी चौपदरी धुतलेल्या फडक्यानें गाळून, मग त्यांत क्लोरिनचें औषध पडलें आहे याची खात्री करून झांकून ठेवावें. रांजणाला तोटी नसेल तर लांब दांड्याचें ओगराळें ठेवावें, आणि तें घरच्याच एका माणसाच्या हातीं द्यावें. येणाऱ्याजाणाऱ्याचा हात आंत बुडूं देऊं नये. तांब्या ओठांना न लावतां वरून धार धरण्याची आपली रीत उत्तमच आहे; ती लाजून सोडूं नये. ओंजळीनें पिणाऱ्याला अगोदर एक धार हातावर घालावी, मग पिण्याची धार सोडावी. रांजण दुपारीं अर्धा झाला म्हणजे त्यांत घाईनें कालव्याची कळशी ओतण्याचा मोह होतो; तेव्हां मात्र "माउली, पाणी संपलें, पुढच्या घरीं घ्या," असें सांगण्यास संकोच करूं नये.